पान एकतीसचा कारभारी

चौसाळा,
४ जानेवारी २०२६

ती. सुकन्याताईस,
सा. न.

ताजी बातमी आधी. आपला सगळा कळप वाहून गेला. एकशेवीस मेंढ्या, पहिल्याच ओढ्यात, अजून पहिला चहासुद्धा झाला नव्हता. मोहिनीने तक्ता तीनदा वाचून खात्री केली. मग परमेश्वरने पुस्तक हिसकावून चौथ्यांदा वाचलं. मेंढ्या गेल्याच आहेत.

झालं असं. तू घातलेल्या अटी आम्ही पाळल्या. फोन नाही, फोटो नाही, जे विचारायचं ते कागदावर. मी दिवाळीत तुझ्याकडून थोडंफार ऐकलं होतं, म्हणून पुस्तक माझ्या हातात ठेवलंच नाही. वाटाड्याचं काम मोहिनीकडे दिलं. तिने तुझा हा ‘लांबचं रान’ खेळ याआधी डोळ्यांनीही पाहिला नव्हता. खेळाडू आम्ही तिघं: मी, परमेश्वर आणि बायडाआत्या. आत्याने बसल्याबसल्या विचारलं, “पट कुठं हाय?” मोहिनीने पान तीन वाचून दाखवलं: पट नाही, सोंगट्या नाहीत, प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, वाटाड्या प्रसंग सांगेल, आपण काय करतो ते बोलायचं, अडलं की फासा टाकायचा. आत्या म्हणाली, “म्हंजी लेकरावानी खेळायचं. मग तसं लिवायचं की.”

खेळात चौसाळ्याहून निघालो. माजलगावला पोचलो की प्रवास पुरा. ओढा आला. पान तेवीसवर तू लिहिलं आहेस, आकडा जितका मोठा तितकं बरं. आत्याने फासा फुंकून टाकला. सहा! परमेश्वरने शिट्टी मारली, मी टाळ्या पिटल्या. मग मोहिनीने पान एक्केचाळीसचा तक्ता उघडला आणि तिचा चेहराच पडला. “सहा: लोंढा येतो, सगळा कळप जातो.”

परमेश्वर ओरडला, “अबे, मोठं बरं म्हनं! कुणाला बरं? ओढ्याला?”

आता सांग, पान तेवीस खरं की एक्केचाळीस? तोवर आम्ही बसलोय बिनमेंढ्यांचे.

तुझा,
अंगद

---

पुणे,
७ जानेवारी

प्रिय अंगद,

तुझं पत्र जिन्यातच फोडलं आणि उभ्याने वाचलं. शेजारच्या काकूंनी विचारलं, काय आनंदाची बातमी? मी म्हटलं, एकशेवीस मेंढ्या मेल्या. त्या आत निघून गेल्या.

पान तेवीस खरं. पूर्वी लहान आकडा चांगला असायचा. ते मी उलटवलं तेव्हा हा एकच तक्ता जुना राहिला. तीन वर्षांत मी हा ओढा चाळीस जणांना ओलांडायला लावला असेल, पण प्रत्येक वेळी मीच वाटाड्या होते, आणि मी तक्ता बघतच नव्हते. मला पाठ होता! मंजुषाताई म्हणतात ते हेच. त्या माझ्या संपादक. त्यांनी मला तोंडावर सांगितलं, “दुकानात पुस्तकासोबत तू मिळणार नाहीस.” म्हणून तर फोनबंदी. फोनवर मी तोंडाने समजावते, खेळ पुढे जातो आणि चूक पुस्तकात तशीच राहते.

त्यांची अट तुम्हाला पूर्ण सांगते. माझ्यापासून लांबच्या एका गटाने नुसत्या पुस्तकावर एक प्रवास पुरा करायचा. ३० जानेवारीच्या संध्याकाळी फाइल बंद होते. तोवर प्रवास झाला तर पुस्तक छापायला जाईल, नाही तर पुढच्या वर्षी बघू. आणि पुढचं वर्ष म्हणजे बहुधा कधीच नाही, हेही त्यांनीच सांगितलं. तेव्हा माझं पुस्तक सध्या चौसाळ्यात, तुमच्या चौघांच्या हातात आहे.

सुधारलेला तक्ता सोबत आहे. पुन्हा निघा. आणि गोड बोलू नकोस. चुका धाड, भरपूर धाड.

तुझी,
सुकन्या

---

चौसाळा,
११ जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

भरपूर म्हणालीस ना? घे.

पान एकोणीस: विश्रांती घेतली की एक बळ वाढतं. किती वेळा घ्यायची ते कुठेही नाही. परमेश्वरने हे वाचलं आणि तो आडवाच झाला. “मी झोपतो. परत झोपतो. अजून झोपतो.” उठला तेव्हा त्याचं बळ बैलाच्या वर गेलं होतं. मोहिनीकडे त्याला उठवायचा नियमच नव्हता.

पान सत्तावीस: अंधार पडल्यावर लांडगा येतो. अंधार कधी पडतो? मी म्हटलं, पुस्तकात लिहिलेलं न्हाई म्हंजे अजून दिवसच हाय. लांडगा बिचारा रानाच्या कडेला ताटकळत उभा.

पान छत्तीस म्हणतं, पान बावन्न पहा. पान बावन्न म्हणतं, पान छत्तीस पहा. मोहिनी चार खेपा करून आली आणि म्हणाली, “मला तालुक्याच्या ऑफिसात गेल्यासारखं वाटाया लागलंय.”

आणि सगळ्यात भारी चूक आत्याने काढली. “पान नऊवरील मंडळींमधून आपलं पात्र निवडा” असं तू लिहिलंस. पान नऊवर चित्र आहे: म्हातारा, बाई, तरणा गडी आणि पुढे कुत्रं. आत्या कुत्रं झाली! मोहिनीने सगळं पुस्तक धुंडाळलं. कुत्रं पात्र नाही असं कुठेही नाही. मी म्हटलं, आत्या, बाई हो की. तर म्हणाली, “बाई तर मी रोजच हाय.” आता ती बोलत नाही, नुसती भुंकते, आणि रागावली की परमेश्वरवर गुरगुरते. परवा गल्लीतली खरी कुत्री दारात जमा झाली होती.

परमेश्वरला आम्ही कळपाचा कारभारी केलं. तुला माहीत आहेच, तो एक वेळ पंचायतीचा मेंबर होता आणि दुसऱ्या वेळी पडला. पद मिळाल्यावर अंगात आलं आहे. पण चालायचंच. प्रवास झकास सुरू आहे. लिंबागणेशला मुक्काम आहे. काळजी करू नकोस, महिनाअखेरच्या आत माजलगाव गाठतो.

तुझा,
अंगद

---

चौसाळा,
१४ जानेवारी

ती. सुकन्याताईंना,
सा. न. वि. वि.

मी मोहिनी. हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे. पहिलं म्हणजे संक्रांतीचा तिळगूळ सोबत आहे. दुसरं म्हणजे यांनी तुम्हाला खोटं कळवलं.

प्रवास सुरू नाही. कळप लिंबागणेशला उभा आहे आणि तीन बैठका झाल्या, एक पाऊल हललेला नाही. तुम्हाला घोर लागू नये म्हणून यांनी झकास लिहिलं.

कारण पान एकतीस. तुम्ही लिहिलं आहे, “कळपाचा कारभारी सगळ्यांनी मिळून निवडावा. प्रत्येक पात्राला एक मत. कारभाऱ्याचा शब्द शेवटचा.” निवडायचं कसं ते आहे. काढायचं कसं ते नाही. परमेश्वर भाऊजींनी कारभारी होताच हुकूम काढला की कळप लिंबागणेशच्या गायरानात थांबणार, कारण इथे चारा आहे. हे म्हणाले, चारा संपत आला, निघू. भाऊजी म्हणाले, शब्द शेवटचा कुणाचा? मग यांनी अविश्वास ठराव आणला. ताई, खरंच आणला! ग्रामपंचायतीत असतो तसा, वहीच्या कागदावर, सही करून. सूचना सात दिवस आधी द्यायची की तीन, यावरच एक बैठक गेली.

ठरावावर मतं पडली. यांचं बाजूने, भाऊजींचं विरोधात. राहिलं कुत्रं. भाऊजी म्हणाले, “कुत्र्याला मत नसतं बे, जगात कुठंच न्हाई.” हे म्हणाले, “पात्र हाय ना? पुस्तक बघ.” भाऊजी म्हणाले, “बरं, असू द्या मत. पण ठराव पास झाला का न्हाई हे ठरवायचा शेवटचा शब्द कारभाऱ्याचा. आन कारभारी मी.”

सगळे माझ्याकडे बघतात. मी वाटाड्या, मला पुस्तकाबाहेरचं बोलायचं नाही. पुस्तक गप्प आहे आणि घरात आरडाओरडा आहे. भाऊजी रोज आत्याबाईंसाठी बालूशाही आणतात, कुत्र्याला घातली म्हणून. आत्याबाई खातात आणि कोणाच्या बाजूला ते सांगत नाहीत. काल हे आणि भाऊजी चौकात समोरासमोर आले आणि बोलले नाहीत. वीस वर्षांची दोस्ती आहे.

मी काय करू?

आपली,
मोहिनी

---

पुणे,
१७ जानेवारी

प्रिय अंगद, मोहिनी,

मोहिनीवर चिडू नकोस. तिने लिहिलं नसतं तर मी तीस तारखेपर्यंत कळप माजलगावला पोचतोय म्हणून खूश बसले असते.

चूक माझी आहे आणि ती मी मुळापासून काढते. पान एकतीस रद्द. कारभारीच नको. नवं पान सोबत आहे: “सर्व निर्णय सगळ्यांनी समजुतीने घ्यावेत.” पान नऊच्या चित्राखालीही ओळ घातली आहे: कुत्रं हे पात्र नाही. आत्याला सांग, मला माफ कर, तिने दुसरं काहीतरी व्हावं. विश्रांती, अंधार, छत्तीस-बावन्न ही सगळी दुरुस्तीही याच पाकिटात आहे.

माझ्या पुस्तकापायी तुझी नि परमेश्वरची बोलचाल बंद व्हावी हे मला बघवत नाही. भांडण ज्या पानातून उठलं ते पानच फाडा आणि निघा. आता तेरा दिवस उरले.

तुझी,
सुकन्या

---

चौसाळा,
२१ जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

ताजी बातमी: कळप माजलगावला पोचला. मोहिनीने लिहून दिलं आहे, सोबत जोडलं आहे. प्रवास पुरा, नुसत्या पुस्तकावर, तिच्या पदरचा एक शब्द नाही. मंजुषाताईंची अट झाली. अभिनंदन.

एवढं लिहून पत्र बंद करणार होतो. मोहिनी म्हणाली, मागच्या वेळी काय झालं आठवतं ना? म्हणून खरं लिहितो.

अर्ध्या तासात पोचलो. मी म्हटलं, पुढे जाऊ या का? परमेश्वर म्हणाला, जाऊ या. आत्याला आता म्हातारा व्हावं लागलं होतं; ती म्हणाली, जावा. ओढा आला, फासा टाकला, ओलांडला. लांडगा आला, फासा टाकला, गेला. मध्येच आत्याला डुलकी लागली. माजलगावला पोचल्यावर परमेश्वरने विचारलं, “झालं?” मोहिनी म्हणाली, झालं. तो चपला घालून निघाला. आधीच्या बैठकांना जेवायला उशीर होतो म्हणून त्याच्या घरून तीन-तीन फोन यायचे.

परत कधी बसायचं, हे कोणी विचारलं नाही.

आणि परमेश्वर माझ्याशी बोलत नव्हता, त्याचं तू मनाला लावून घेऊ नकोस. आम्ही भांडलो नव्हतो गं, आम्ही प्रचारात होतो! मतदान होईपर्यंत विरोधी उमेदवाराशी चौकात बोलायचं नसतं. चौसाळ्यात हे शेंबड्या पोराला कळतं. तू लई दिवस पुण्यात राहिलीस. तू कारभारी काढलास त्या दिवशी तो स्वतः माझ्या दुकानावर आला. म्हणाला, “ताईनं काहून काढलं बे पद? मी दोन मतं फिरवत आणलेलो.” मी म्हटलं, मतंच तीन आहेत. म्हणाला, “त्येच तर.”

मोहिनीचा कागद खरा आहे. दिलास तर पुस्तक छापलं जाईल. पुढचं तू बघ.

तुझा,
अंगद

---

पुणे,
२४ जानेवारी

प्रिय अंगद,

मोहिनीचा कागद घेऊन मी काल मंजुषाताईंकडे गेले. पर्समधून काढला, टेबलावर ठेवला आणि त्यांनी हात पुढे करायच्या आत परत उचलला. त्या म्हणाल्या, “काय गं?” मी म्हटलं, “प्रवास झाला, पण आत्या झोपली.”

मग सगळं सांगितलं. लिंबागणेश, ठराव, बालूशाही, सगळं. त्या इतक्या हसल्या की बाहेरून शिपाई डोकावला. मी म्हटलं, मला पान एकतीस पुन्हा लिहायचं आहे. हसणं थांबलं. “तीस तारखेच्या संध्याकाळी पाच. नंतर एक तासही नाही. आणि नवं पान म्हणजे नवी परीक्षा. हा कागद मग चालणार नाही.” मी हो म्हणून आले.

मी भांडणाला घाबरले, अंगद. मला वाटलं खेळ मोडला. खेळ तर तिथेच चालला होता, फक्त त्यातून पुढे निघायला दार नव्हतं.

नवं पान असं:

“कारभारी एका मुक्कामापुरता. पुढच्या मुक्कामाला कोणत्याही पात्राने मागितली की नवी निवड. त्या निवडीत कारभाऱ्याचा शब्द शेवटचा नाही. मत तोंडाने द्यायचं नाही. ज्याच्या बाजूचे असाल त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. कुत्रं हे पात्र आहे.”

पोस्टाला वेळ नाही, सव्वीसला सुट्टी. आज रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे पाकीट देते आहे. पहाटे त्याला बीडला गाठ. सगळे मोकळे असतील तर सव्वीसलाच बसा. जमलं नाही तर दोष तुमचा नाही, हे आत्ताच लिहून ठेवते.

तुझी,
सुकन्या

---

चौसाळा,
२७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

ताजी बातमी: पोचलो! एकाहत्तर मेंढ्या, दोन मेंढके आणि एक कुत्रं, काल दिवेलागणीला माजलगावात. मोहिनीने खात्री केली आणि या वेळी परमेश्वरनेही कागदावर साक्षीदार म्हणून सही केली आहे, “माजी कारभारी” असं खाली लिहून.

झेंडावंदन करून आलो आणि तसेच बसलो. परमेश्वर इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. कळप आधी लिंबागणेशला अडला होता तिथूनच सुरुवात केली. मोहिनीने नवं पान वाचलं आणि मी निवड मागितली. परमेश्वरने उभं राहून भाषण केलं: चारा, पाणी, स्थैर्य. भाषण संपवून त्याने बालूशाहीचा पुडा आत्यापुढे सरकवला. मी म्हटलं, मोहिनी, हे नियमात बसतं का? मोहिनी म्हणाली, “पुस्तकात मनाई न्हाई.”

आत्या उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. पुडा उचलला. परमेश्वर हसून जागा करायला लागला. आत्या त्याच्या समोरून गेली, पुड्यासकट, आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

“आत्या! ही गद्दारी हाय!” परमेश्वर किंचाळला. आत्या त्याच्यावर अशी भुंकली की दारात उभे असलेले गल्लीतले गहिनीनाथ आणि लखन दोन पावलं मागे सरले. ते आवाज ऐकून आले होते आणि नंतर जेवायलाही घरी गेले नाहीत.

मी कारभारी झालो. जवळच्या वाटेने काढला कळप आणि काट्याच्या रानात घातला. वीस मेंढ्या गेल्या. पुढच्या मुक्कामाला परमेश्वरने निवड मागितली. भाषण केलं नाही, नुसती मेलेल्यांची संख्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. आत्या माझ्याकडे बघायला तयार नव्हती. गेली त्याच्या शेजारी. मला खरंच लागलं ताई, हसू नकोस. पुढे त्याने ओढ्यात घोटाळा केला, मी परत निवडून आलो. मोहिनी सबंध दिवसात एकदाही अडली नाही. प्रत्येक वेळी पान उघडलं, वाचलं आणि उत्तर तिथे होतं.

माजलगाव आलं तेव्हा परमेश्वर म्हणाला, “आता परतीचा प्रवास. आत्ताच.” त्याच्या घरून चौथा फोन आला होता.

पण आता एक भोक आहे, आणि ते परमेश्वरने काढलं आहे. कुत्रं पात्र आहे, बरोबर. पण कळपात कुत्री किती, हे पुस्तकात कुठेही नाही. मोहिनीने सगळं चाळलं. नाही. तेव्हा परमेश्वर पुढच्या खेळाला कुत्रं होऊन येणार आहे. म्हणतो, आत्याचं मत फिरवायचं तर तिच्या जातीचं व्हावं लागतं. हे ऐकून लखन म्हणाला, मी पण कुत्रं. गहिनीनाथही. मग मी एकटाच माणूस कशाला राहू? मीही नाव दिलं. आजच्या घडीला कळपात पाच कुत्री आहेत आणि हाकायला माणूस नाही.

भोक बुजवायचं की ठेवायचं, ते तीस तारखेच्या आत तू ठरव. हे पाकीटही ड्रायव्हरकडेच देतो आहे.

तुझा,
अंगद

---

पुणे,
३१ जानेवारी

प्रिय अंगद, मोहिनी, आत्या आणि परमेश्वर,

फाइल गेली. काल पाचला दहा कमी असताना. आज सकाळी मंजुषाताईंनी छापखान्यात विचारून खात्री केली: मंगळवारी छपाईला लागतंय. मोहिनी, तुझा कागद त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवला. मला मागूनही दिला नाही.

आता कुत्री. शेवटच्या अर्ध्या तासात मी ओळ लिहिली, “एका कळपात एकच कुत्रं.” मंजुषाताई मागे उभ्या राहून वाचत होत्या. म्हणाल्या, स्वच्छ झालं. मी ती ओळ बघितली आणि पाच कुत्र्यांचा कळप डोळ्यांपुढे आला. खोडली. तेव्हा परमेश्वर, छापील पुस्तकात कुत्र्यांना मर्यादा नाही, आणि ती माझी चूक नाही, असं समज.

येत्या रविवारी नको, आठ तारखेला बसा. त्या दिवशी मी येते आहे. पुस्तक मोहिनीच्याच हातात राहील आणि मी एकही नियम समजावून सांगणार नाही. बोलले तर मला बाहेर काढा. तुम्हाला एक माणूस कमी पडतोय ना, ते पात्र माझं. पाच कुत्री आणि एकटी मी, म्हणजे पहिल्या मुक्कामाला मला कारभारीपदावरून खाली ओढणार, हे पान एकतीसवरून स्पष्टच दिसतं. बघू या, कोण कोणाच्या शेजारी जाऊन बसतं ते. बालूशाही मी पण आणते आहे.

तुमची,
सुकन्या